ताप आहे, सर्दी-खोकला नाही. मग लघवी तपासली का?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. रायगडच्या किनाऱ्यावर हेच तीन महिने तापाचेही असतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, नुसता व्हायरल, सगळे एकदम. किहीम, चोंढी, झिराड, थळ या पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले की आम्ही अर्धा तास आरोग्यावर बोलतो. बाया मुलांना मांडीवर घेऊनच आलेल्या असतात. दरवर्षी दोन-चार मुलांची गोष्ट एकसारखीच निघते. तीन दिवसांपासून ताप. सर्दी नाही, खोकला नाही, अंगावर पुरळ नाही, जुलाब नाहीत. रक्त तपासले, मलेरिया नाही, डेंग्यू नाही. मग आम्ही विचारतो, लघवी तपासली का? बहुतेक वेळा उत्तर येते, "लघवी कशाला? ताप आहे ना त्याला."

या उत्तरासाठीच हा लेख लिहिला आहे.

पावसाळ्यात रक्त तपासायलाच हवे, त्यात वाद नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मलेरियाची तपासणी टाळणे म्हणजे जिवाशी खेळ. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ताप असेल आणि त्याचे कारण तपासून सापडत नसेल, तर अशा शंभर मुलांमागे साधारण पाच ते सात मुलांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग असतो. पाच-सात म्हणजे थोडे वाटतील. पण किहीमसारख्या गावात एका पावसाळ्यात किती पोरांना ताप येतो ते मोजा, म्हणजे कळेल. आणि हे पाच-सात जण चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. मोठ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की तो सांगतो, जळजळ होते, सारखी लागते. आपल्याकडे त्याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. आठ महिन्यांचे बाळ काय सांगणार? ते तापते, किरकिर करते, अंगावरचे दूध सोडते, ओकते. काही बाळांचे वजनच वाढत नाही. अगदी तान्ह्या बाळाची कावीळ लांबते. लघवीला घाण वास येणे, लघवी करताना बाळाने कळवळून रडणे, ही लक्षणे दिसली तर उत्तमच. पण ती नाहीत म्हणून संसर्ग नाही असे समजू नये. थोडी सर्दी आहे म्हणूनही लघवीचा विचार सोडू नये. सर्दी आणि लघवीचा संसर्ग दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

तीन वर्षांपुढची मुले जरा सांगू लागतात. बेंबीच्या खाली दुखते, पाठीत दुखते, सू करताना आग होते. अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ओले करू लागले तर त्याला ओरडू नका, आधी लघवी तपासा.

आत नेमके काय होते ते थोडक्यात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू तिथे काही त्रास देत नाही. तोच शीच्या जागेकडून शूच्या जागेकडे आला आणि मूत्रमार्गातून वर चढला, तर मूत्राशयात वाढतो आणि तिथून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. मुलांतले लघवीचे बहुतेक संसर्ग याच जंतूमुळे होतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून पहिल्या वर्षानंतर मुलींत हे प्रमाण जास्त दिसते. पण पहिल्या काही महिन्यांत मुलगेच जास्त सापडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून "हा बाईमाणसांचा आजार" असे म्हणून मुलग्याची तपासणी टाळू नये.

संसर्ग मूत्राशयातच राहिला तर त्रास होतो, पण धोका कमी. ताप आला म्हणजे तो बहुधा मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो, आणि तिथे वेळेला किंमत असते. अमेरिकेत ४८२ मुलांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या मूत्रपिंडावर पुढे व्रण राहिला, त्यांच्यात ताप सुरू झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत मधला काळ ७२ तासांचा होता. ज्यांच्यावर व्रण राहिला नाही त्यांच्यात तो ४८ तासांचा होता. म्हणजे फरक एका दिवसाचा. व्रण पडलेला भाग पुन्हा काम करत नाही. तो छोटा असेल तर मूल त्यावर आयुष्य काढते, काही कळतही नाही. मोठा असेल, दोन्ही बाजूंना असेल, वारंवार संसर्ग होऊन वाढत गेला असेल, तर विशी-पंचविशीत रक्तदाब वाढतो, मुलीला बाळंतपणात त्रास होतो, आणि काहींची मूत्रपिंडे निकामी होतात. डायलिसिसच्या खाटेवर तरुण मुलगा पाहिला की लोक म्हणतात, नशीब. आम्ही नशीब मानत नाही. लहानपणीचे ताप कोणी नीट विचारत नाही, एवढेच.

आता हा एक दिवस कुठे हरवतो ते पाहू, कारण खरा मुद्दा तो आहे.

किहीम म्हटले की बाहेरच्या माणसाला किनारा आठवतो, बंगले आठवतात. शिकलेल्यांना सलीम अली आठवतात. १९३० साली इथेच त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. बंगल्यांच्या मागच्या वाड्यांत राहणाऱ्या, त्या बंगल्यांत झाडलोट, भांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया मात्र कुणाला आठवत नाहीत. शनिवार-रविवार हे त्यांचे कामाचे मुख्य दिवस. पाहुणे येतात, मांडव्याकडून गाड्यांची रांग लागते, आणि मुलाला शुक्रवारी ताप आला तर आई सोमवारपर्यंत हलू शकत नाही. खाडा केला तर पैसे कापतात, दोनदा केला तर दुसरी बाई ठेवतात. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ मोजा. साठ तास होतात.

अशाच एका आईची दहा महिन्यांची मुलगी आम्ही पाहिली. शनिवारी ताप आला. घरात तापाचे औषध होते, ते दिले. रविवारी शेजारणीने सांगितले, दात येतात, त्याचा ताप. सोमवारी एका खाजगी दवाखान्यात नेले, तिथे अँटिबायोटिकचे पातळ औषध मिळाले. ताप कमी झाला, दोन दिवसांनी पुन्हा चढला. गुरुवारी अलिबागला नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. पण आधी औषध पोटात गेलेले होते, कल्चरमध्ये जंतू वाढला नाही. संसर्ग होता का, होता तर कोणत्या जंतूचा, कोणते औषध लागू पडले असते, काहीच सांगता येईना. शेवटी अंदाजाने इंजेक्शने द्यावी लागली. मुलगी बरी झाली. पण सोनोग्राफी, मुंबईच्या फेऱ्या हे सगळे त्या आईच्या मागे लागले ते त्या एका न तपासलेल्या लघवीमुळे.

दात येण्याने १०२-१०३ ताप येत नाही, हे इथेच लिहून टाकतो. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिरते, अंग जरासे कोमट लागते. चढता ताप आला तर त्याचे कारण दुसरे असते, ते शोधावे लागते.

आणि भगताचा अंगारा. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही पोराच्या दंडाला काळा दोरा दिसतो तेव्हा वाईट वाटते. तथागतांच्या काळी जीवकासारखा वैद्य होता, आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे भिक्खूंचे कर्तव्य मानले गेले होते. 'बाहेरचे' काढण्यात गेलेला दिवस हा मूत्रपिंडाच्या हिशेबातून वजा होतो. धन्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, कोकमाचे सरबत याला आमचा विरोध नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाला पाणी जास्त जाते हे चांगलेच. पण त्याने मूत्रपिंडातला जंतू मरत नाही.

आता लघवी घ्यायची कशी? हा भाग आम्ही विहारात बाहुली घेऊन करून दाखवतो, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन त्यात लघवी आणू नका. ती कितीही धुतली तरी स्वच्छ नसते. लॅबमधून किंवा मेडिकलमधून निर्जंतुक, फिरकीच्या झाकणाची डबी घ्या. झाकण लघवी घेतानाच उघडा, आतून बोट लावू नका. बाळाची शूची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. सॅव्हलॉन, डेटॉल काही नको. मग एकीने बाळ धरायचे आणि दुसरीने डबी. पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत झेलायची.

बाळ वेळेवर करत नाही, ही सगळ्यांची तक्रार. आपल्या आया बाळाला उभे धरून 'श्श्श' करतात, पायावर गार पाणी सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये डॉक्टरांनी यासारखीच गोष्ट तपासून पाहिली. गार पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या पट्टीने बाळाच्या बेंबीखालचा भाग हलके गोल गोल चोळला, तर पाच मिनिटांत लघवी करणारी बाळे शंभरात ३१ निघाली. नुसती वाट पाहिली तर १२. ३५४ बाळांवर हा प्रयोग झाला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. दूध पाजून वीस-पंचवीस मिनिटांनी हे करून पाहा.

प्लास्टिकची पिशवी चिकटवून लघवी गोळा करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या लघवीत काहीच सापडले नाही तर ते खरे मानता येते. पण त्यात जंतू सापडले तर ते कातडीवरचे, शीचे असू शकतात; कल्चरसाठी ती लघवी चालत नाही. मूल फार आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी घेतात. आया घाबरतात, नको म्हणतात. आम्ही सांगतो, हो म्हणा. ती नळी क्षणभराची असते आणि तिने घेतलेली लघवी खात्रीची असते.

घरी लघवी घेऊन मिनीडोअरने अलिबागला नेणे शक्यतो टाळा. उबदार हवेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. शनिवारच्या वाहतुकीत दोन तास डबी पिशवीत राहिली तर थोडे जंतू लाखांवर जातात आणि रिपोर्ट चुकतो. लॅबमध्येच बसून लघवी द्या. ते जमणारच नसेल तर तासाभरात पोहोचवा, नाहीतर डबी फ्रीजमध्ये, बर्फाच्या पिशवीत ठेवून न्या. डबीवर मुलाचे नाव आणि वेळ लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लघवी आधी, अँटिबायोटिक नंतर. डॉक्टर औषध लिहू लागले की नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, औषध सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर घ्यायचे का?" एवढे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. मात्र मूल फार आजारी असेल तर लघवीसाठी दिवसभर औषध अडवून धरायचे नाही. तेव्हा नळीने लगेच लघवी घेऊन औषध लगेच सुरू करतात.

लघवीची साधी तपासणी, म्हणजे पट्टी बुडवून रंग पाहणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी मोजणे, ही अर्ध्या तासात होते. तिच्यावरून संशय पक्का होतो आणि औषध सुरू करता येते. कल्चरला एक ते दोन दिवस लागतात. कल्चरच्या रिपोर्टमध्ये जंतूचे नाव असते आणि खाली औषधांची यादी असते. औषधापुढे 'एस' असेल तर ते त्या जंतूवर चालते, 'आर' असेल तर चालत नाही. आपल्या मुलाला चालू असलेल्या औषधापुढे 'आर' आहे का ते पाहा आणि असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'मिक्स्ड ग्रोथ' लिहिले असेल तर नमुना बहुधा नीट घेतला गेला नव्हता. तो पुन्हा द्यावा लागतो. अर्धवट घेतलेली, शेजाऱ्याकडून आणलेली, कपाटात उरलेली अँटिबायोटिके देऊन देऊन आपणच जंतूंना औषधे ओळखायला शिकवली आहेत, म्हणून यादीत 'आर' वाढत चालले आहेत.

तापाबरोबरच्या संसर्गात औषध साधारण सात ते दहा दिवस चालते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि मूल खेळू लागते, की बाटली कपाटात जाते. तसे करू नका. आणि उलट, औषध सुरू होऊन ४८ तास झाले तरी ताप उतरत नसेल तर घरी वाट पाहत बसू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर उपकेंद्र, खाजगी दवाखाना काही नको, थेट जिल्हा रुग्णालय. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, सारखे ओकते, सहा-आठ तास लघवी नाही, झटका आला, अशा वेळी कोणत्याही वयात तेच. १०८ ला फोन करा. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैसे मागितले तर पावती मागा.

तापासहित पहिला संसर्ग झालेल्या प्रत्येक मुलाची सोनोग्राफी करावी, असे आपल्या देशातील बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ सालच्या सूचनांत सांगितले आहे. का? वाडीत विहिरीवर पंप असतो त्यांना फूट व्हॉल्व्ह माहीत आहे. तो खराब झाला की वर चढलेले पाणी परत खाली येते. मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते तिथेही तशीच एकेरी वाटेची सोय असते. काही मुलांत ती जन्मापासून सैल असते. लघवी करताना मूत्र उलटे मूत्रपिंडाकडे जाते आणि जंतू बरोबर नेते. बऱ्याच मुलांत वय वाढते तशी ही सोय आपोआप घट्ट होते. पण तोवर त्या मुलाला ताप आला की लघवी तपासलीच पाहिजे. वरच्या तपासण्यांसाठी मुंबईला जावे लागले तर परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच आहे. पावसात गेटवेच्या छोट्या लाँची बंद असतात, मांडव्याहून रो-रो चालते, हे आपल्याला सांगायला नको.

संसर्ग होऊ नये म्हणून काय करावे, याची यादी मोठी नाही. मुलीची शी पुढून मागे धुवा, मागून पुढे नाही. मुलग्याला न्हाऊ घालताना शूच्या जागेची कातडी जोर लावून मागे ओढू नका. तेल घालून ओढायची पद्धत आहे, ती बंद करा. बद्धकोष्ठ ठेवू नका. आतडे भरलेले असले की मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पालेभाजी, केळी, पाणी. मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा निवांत लघवीला बसवा.

पण इथे एक अडचण आहे, ती आईच्या हातची नाही. शाळेच्या मुताऱ्यांना पाणी नसते. मुली सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत लघवी धरून ठेवतात आणि लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात, वाड्यांना पाणी एक दिवसाआड येते, आणि रस्त्यापलीकडे पोहण्याच्या हौदात टँकर रिकामा होत असतो. बोले ठराव १९२३ चा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. पाणी पिण्याचा हक्क बाबासाहेबांनी तिथे ओंजळीने घेतला. आज आपल्या सहा वर्षांच्या नाती शाळेत पाणी प्यायला घाबरतात. ग्रामसभेत हा विषय आम्ही दोनदा मांडला. एकदा हसले. दुसऱ्यांदा शाळेच्या टाकीची दुरुस्ती कागदावर आली. पुढच्या ग्रामसभेला तो कागद घेऊन जायचे आहे; किहीम-चोंढीच्या भगिनींनी सोबत यावे.

खाड्याच्या पैशांचेही बोलले पाहिजे. बाळंतिणीला रजा आणि मजुरी मिळावी या बिलाच्या बाजूने बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बोलले होते. माता रमाईंनी आणि त्यांनी आपली चार लेकरे लहानपणीच गमावली होती. राजरत्न गेला तो १९२६ साली. आज बंगल्यावर काम करणाऱ्या बाईला आजारी मुलासाठी एक दिवस पगारी सुटी मिळत नाही. दोन वाड्यांतल्या बायांनी आपसात ठरवले आहे की एकीचे मूल तापले तर दुसरी तिच्या जागी कामाला जाईल आणि पैसे पहिलीलाच मिळतील. हा काही कायमचा उपाय नव्हे. पण त्यामुळे गेल्या पावसात तीन मुले पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचली, त्यांतल्या एकाच्या लघवीत जंतू सापडला आणि त्याचे औषध दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

ज्या मुलांना असा संसर्ग होऊन गेला आहे त्यांचे सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. पहिल्या पानावर संसर्गाची तारीख, जंतूचे नाव, चाललेले औषध लिहा. पुढचा ताप कुठल्याही डॉक्टरकडे दाखवायचा असो, फाइल आधी पुढे करा. मूत्रपिंडावर व्रण असलेल्या मुलाचा रक्तदाब निदान वर्षातून एकदा मोजून घ्यायचा असतो आणि तो मुलांच्या छोट्या पट्टीने मोजायचा असतो. मोठ्या माणसाची पट्टी लावली तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. उपकेंद्रात छोटी पट्टी नसेल तर तसे आम्हाला कळवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यायच्या अर्जावर आम्ही गावांची नावे जमवत आहोत.